तिसरं गिऱ्हाईकही परतलं

"गाडी मी स्वतः विकतोय, दलाल नाही. जाहिरातीत लिहिलंय 'दोष नाही', आणि तिन्ही गिऱ्हाइकांसमोर डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा लागला. लोक मला लबाड समजतायत हो!" काका कळवळून म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. म्हणून ही हायब्रिड सेडान विकायला काढलेली. चामड्याच्या सीट, मागचा कॅमेरा, चालकाच्या सीटची जागा लक्षात ठेवणारी दोन बटणं. कशाचीच उणीव नव्हती.

काकांनी बोलावलेल्या, तपासाचं काम करणाऱ्या ताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. त्यांचा धाकटा भाऊ वही उघडून उभा राहिला. त्याचा संशय शेजारीच उभ्या असलेल्या, काकांच्या नेहमीच्या मेकॅनिकवर होता.

"गॅरेजात आणली की गाडी अगदी साध्वी!" मेकॅनिक हात झटकत म्हणाला. "बॅटरी ठणठणीत. मी काय दिव्याला चिमटा काढतो?"

"दिवा कधी लागतो?" ताईंनी विचारलं.

"वीसेक मिनिटांनी," काका म्हणाले. "'बॅटरी गरम' म्हणतो, मग आपोआप जातो."

काकू निवृत्त ग्रंथपाल. "गिऱ्हाईक येणार म्हटलं की सीट मळू नये म्हणून मी मागे जाड रजई अंथरते," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाबरोबर मागे बसतेही. गाडी चालवण्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

ताईंनी सीटचं पहिलं बटण दाबलं. सीट मागे गेली. काका सहा फुटी. दुसरं दाबताच ती वर उचलली जाऊन स्टीअरिंगला भिडली. मग त्यांनी खणातली माहितीपुस्तिका काढली. तिच्यात कागदाची एक खूणपट्टी होती.

"काका, ही वाचलीत?"

"छे! कधी उघडली नाही."

भावाने मेकॅनिकच्या नावाखाली दुहेरी रेघ ओढली.

"ती रेघ खोडून टाक," ताई म्हणाल्या. "या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली आहे. तिला गार ठेवणारी हवा सीटशेजारच्या जाळीतून आत जाते. जाळी झाकली की बॅटरी तापते, उघडली की निवते. गॅरेजात रजई नसते, म्हणून दिवाही नसतो. खूणपट्टी नेमकी त्याच पानावर आहे. पुस्तकात पट्टी घालण्याची सवय या घरात एकाच माणसाला."

"पण का?" भावाने विचारलं.

"दुसरं बटण पाच फुटी चालकासाठी लावलंय. काकू, गाडीची शिकवणी कुठवर आली?"

काकूंचा चेहरा उतरला. "संपली. गाडी गेली असती, तर हे खिडकीशी बसून राहिले असते. मला थोडे दिवस हवे होते."

"अगं, मला सांगायचंस!"

"तुम्ही शिकवायला बसला असतात. ओरडून ओरडून."

काकांनी पाच वाजता येणाऱ्या चौथ्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

"माफ करा, गाडी द्यायची नाही. नाही नाही, दोष काहीच नाही. चालक मिळालाय."

"अजून नाही," काकू हळूच म्हणाल्या. "परीक्षा मंगळवारी आहे."