बिगुलाच्या रांगेतली जागा

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे खरं घडलंय... माझ्या मामांच्या डोळ्यांसमोर, भरदिवसा.

देवानंद मामा १९७३ च्या डिसेंबरात कुंभार पिंपळगावच्या एका शाळेत नवे मास्तर म्हणून रुजू झाले. बहात्तरच्या दुष्काळात शाळेचा बँड मोडला होता. वाजवणारी पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर गेली. ढोलाची कातडी उंदरांनी कुरतडली.

हेडमास्तर अप्पारावांनी बजावलं, सव्वीस जानेवारीला बँड वाजला नाही तर वाद्यं दुसऱ्या शाळेला जातील.

मामा हट्टाला पेटले. ढोल मढवून आणला. पितळी बिगुल चिंचेनं घासले. पोरं गोळा केली. रोज शाळा सुटली की सराव, दिवस मावळेपर्यंत.

बँड हळूहळू सुरात आला.

पण बिगुलाच्या रांगेत मधोमध... एक जागा रिकामी राहायची.

मामा पोरांना जवळ सरकवायचे. मैदानाला एक वळसा झाला, की जागा पुन्हा तेवढीच.

शेवटी त्यांनी बिगुलवाल्या कचरूला बाजूला घेतलं.

पोरगं खाली बघत म्हणालं, "सर, आम्ही बराबर सरकून राह्यलो. पण तिथं खांदा लागतो."

"कोणाचा?"

कचरू बिगुल छातीशी धरून रांगेत पळाला.

त्या संध्याकाळी मामा स्वतः बिगुल घेऊन त्या जागेत उभे राहिले. बँड चालू लागला.

मागं कोणीतरी धापा टाकत होतं...

मामांनी बिगुल ओठांना लावला. कड ओली होती. आणि गरम.

"थम!"

सगळे पाय थांबले.

मामांच्या पाठीला चिकटून... एक पाऊल उशिरा पडलं.

अप्पारावांना विचारल्यावर कळलं. त्या जागेवर वसंता नावाचा पोरगा बिगुल वाजवायचा. दुष्काळी कामावर मुरमाच्या खाणीत दरड त्याच्या अंगावर आली. घरात आई तेवढी उरली, सगुणाबाई. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती.

मामांना ताप भरला. पण बँड सोडला तर पोरं पुन्हा पांगणार. त्यांनी जागा तशीच ठेवली.

सव्वीस जानेवारीला प्रभातफेरी निघाली. सगुणाबाईच्या दारापाशी बिगुल वाजले आणि बाई बाहेर आली. सरळ रांगेत शिरली. रिकाम्या जागेच्या कडेनं चालू लागली. पदरानं तिनं हवेतच कोणाचं तरी तोंड पुसलं.

"हळू फुक, वसंता. धाप लागंल."

एकाही पोरानं मान वळवली नाही.

झेंडावंदन झालं. बाई घरी निघाली, एक हात बाजूला धरून... पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी सरावाला पोरं आपणहून खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

जागा नव्हती.

मामांना हायसं वाटायला हवं होतं. ते पळत सगुणाबाईच्या घरी गेले.

दार सताड उघडं. तव्यावर भाकर करपून कोळसा झालेली. बाई नव्हती.

शेजारच्या कांताबाईनं तिला पहाटे मुरमाच्या खाणीकडं जाताना पाहिलं होतं. हसत, बोलत चालल्ती म्हणे. गावानं खाण पालथी घातली. विहिरी धुंडाळल्या.

काहीच सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

मामांचा बँड पुढं नावारूपाला आला. लोक कौतुक करतात, तेव्हा ते विषय बदलतात.

एकदाच मला म्हणाले, "पोरगं आईला घेऊन गेलं, इथवर मला समजतं. पण कुठं नेलं रे तिला?"