निनावी पाणी

दार लोटून घ्या जरा, मेणबत्ती विझेल. आणि असे भिंतीला चिकटून बसू नका. आतल्या खोलीत मातेई आहे, तुमचाच दोस्त, खाणार नाहीये तुम्हाला. अंधार पडल्यापासून बसलायत तुम्ही इथे. मोबाईल बघून झाले, नखं कुरतडून झाली, पण त्याचं नाव एकानंही काढलं नाही. निकू, तू तर त्याच्याच बाकावर बसायचास ना?

बरं, राहू दे. मी बोलतो. मयताच्या घरी रात्र जागवायची म्हटली की म्हाताऱ्यानं काहीतरी सांगायचं असतं. ही गोष्ट पांतेलची, आपल्या लाकडाच्या वखारीतल्या. त्याच्या तोंडूनच ऐकलीय. आणि थापा मारायला पांतेलच्या डोक्यात तेवढं काही शिजत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

तीन वर्षं झाली. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मृतांचा शनिवार, म्हणून पांतेल संध्याकाळी खालच्या गावात मेणबत्त्या आणायला गेला. मेणबत्त्या घेतल्या, कबरीवर न्यायच्या गोड गव्हात घालायला अक्रोड आणि साखर घेतली. दुकानदारानं विचारलं, "पोरगी कशी आहे?" तर म्हणाला, "ठीक आहे. जेवते, बोलते." दोन्ही खोटं होतं.

त्याचा थोरला, दोरीन, सप्टेंबरात गेला. झऱ्याखालच्या वळणावर मोटरसायकल घसरली. अठरा वर्षांचं पोर. आई, व्हेता, इटलीत एका म्हातारीची देखभाल करते. ती आली, मातीला उभी राहिली आणि आठवड्यात परत गेली. जावंच लागलं तिला. घरात उरले बाप आणि चौदा वर्षांची इलिंका.

पांतेलनं ठरवलं, पोरीला सावरायचं. कसं? तर दोरीनचं नावच काढायचं नाही. खोलीला कुलूप लावलं. भिंतीवरचे फोटो कपाटात गेले. व्हेता फोनवर रडायला लागली की हा इलिंकाच्या हातातून फोन काढून घ्यायचा. शाळेत शहरातून एक बाई यायच्या, पोरांशी बोलायला. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"ती वर्गात एक अक्षर बोलत नाही," बाई म्हणाल्या. "घरी भावाबद्दल बोलता का तुम्ही?"

"कशाला? जखमेवर मीठ चोळायला?"

"तिच्यासमोर त्याचं नाव तरी घ्या, पांतेल. तुम्ही रडलात तर तिला रडता येईल."

"नाव घेतलं की पोरगं परत येतं का, बाई? येत असेल तर सांगा, रात्रभर घेतो."

एवढं बोलून टोपी उचलली आणि चालता झाला. वाईट माणूस नव्हता तो. पोरगी काचेची झालीय, हात लावला तर फुटेल, असं त्याला वाटायचं. काळजीनं जीव नुसता टांगणीला लागलेला त्याचा.

आता निकू, तू बुखारेस्टचा, म्हणून तुला सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की चाळीस दिवस त्याच्या नावानं पाणी भरतात. एखादी मुलगी रोज झऱ्यावरून घागर आणते आणि शेजाऱ्यांच्या दारात देते. इथे शेजारी पितो, तिथे गेलेल्याची तहान भागते. शेवटच्या दिवशी वाहत्या पाण्यात वाळल्या भोपळ्याचं कवच सोडायचं, त्यात मेणबत्ती ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायचं, 'हे सगळं पाणी अमक्याचं.' साक्षीदार तीनदा म्हणतो, 'मी साक्ष आहे.' मग ते पाणी त्याचं होतं. त्याच्या एकट्याचं, कायमचं.

इलिंकानं चाळीस दिवस पाणी भरलं. एक दिवस चुकली नाही. शेवटच्या दिवशी ओढ्यावर सगळं गाव जमलं. पोरीनं कवच सोडलं, तोंड उघडलं... आणि बापाकडे बघितलं. पांतेल ओठ घट्ट मिटून, तिच्यावर नजर रोखून उभा. पोरीचं तोंड मिटलं. शेवटी म्हाताऱ्या बायकांनीच सावरून घेतलं, "मनात म्हटलं तिनं, मनात म्हटलं. चला, जेवायला चला." कवच वाहत गेलं.

नाव न घेताच गेलं ते पाणी. चाळीस दिवसांचं पाणी, आणि त्याला मालक नाही. नीट ऐका, पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तर त्या शुक्रवारी पांतेल घरी आला तेव्हा सात वाजून गेले होते. चूल विझलेली. ताटातला मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्टा, तसाच, वर साय धरलेली. इलिंका घरात नाही. खुंटीवरची कावड नाही, दोन्ही बादल्या नाहीत. आणि दोरीनचा मगही नाही.

त्या मगाचं सांगायला हवं. मातीचा, कोंबड्याचं चित्र असलेला. दोरीन लहानपणापासून त्यातच प्यायचा. पाणी असो, दूध असो, पिऊन झालं की मग टेबलावर पालथा घालायचा आणि बुडावर दोन टिचक्या मारायचा. टक, टक. "झालं, मालक!" व्हेता करवादायची, "टेबल ओलं करतोस रे मेल्या!" पण त्याची ती सवय काही गेली नाही. चाळिसाव्या दिवशी तो मग दान द्यायचा होता. इलिंकानं दिला नव्हता.

पांतेलनं पिशवी टाकली, पण मेणबत्त्या खिशातच राहिल्या. तो झऱ्याच्या वाटेला लागला. चौकापर्यंत दिवे आहेत. पुढे नाहीत. फाटकातून म्हातारी सावेता ओरडली, "पोरीला शोधतोयस? आठवडा झाला, रोज याच वेळी जाते! मी म्हटलं, अगं, चाळीस दिवस उलटून गेले, आता कुणासाठी? तर माझ्याकडे बघून हसली. अंगावर काटा आला माझ्या!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कोण सांगणार? नाव काढलं की अंगावर येतोस."

त्याची पावलं भराभर पडायला लागली.

झरा तुम्हाला माहीत आहे. दगडी कुंड, बाजूला अक्रोडाचं झाड, आणि खालच्या अंगाला जुन्या खाणीचं तळं. अक्रोडाजवळ पोचल्यावर त्याला पोरीचा आवाज आला. हळू बोलत होती. आणि हसत होती. दोन महिन्यांत हसली नव्हती ती.

पांतेल झाडाआड थांबला.

इलिंका कुंडाच्या अलीकडे बसलेली. बादल्या भरलेल्या. तिनं मगात पाणी घेतलं, हात लांब करून पलीकडच्या दगडावर ठेवलं. पलीकडे अंधार होता.

"पी, दादा."

थोडा वेळ काही नाही. मग... घोट घेतल्याचा आवाज. माणसासारखा नाही. तहानेलं जनावर पाण्याला तोंड लावतं ना, तसा.

तो मातीचा मग परत दगडावर आला, रिकामा. उताणा. तोंड वर.

"अजून?" इलिंका म्हणाली. पुन्हा भरला.

घोट... घोट...

पुन्हा उताणा. पुन्हा भरला. पांतेल बघत राहिला. एक बादली संपली. दुसरी अर्धी झाली. दगडाखाली ओल नाही, सांडलं काहीच नाही. कोण पितंय एवढं? आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं.

तो मग दर वेळी उताणा येत होता.

एकदाही पालथा नाही. एकही टिचकी नाही.

तो दोरीन नव्हता.

कोण होतं? मला काय ठाऊक. पाणी निनावी होतं, पोरांनो. ज्यांना विचारणारं कुणी उरलेलं नाही, असे किती मेलेले असतील त्या खाणीत, त्या वाटांवर. मालक नसलेलं पाणी दिसलं की...

रालूका, मेणबत्ती सरळ धर बाळ. मेण सांडतंय.

दुसरी बादलीही संपली. इलिंकानं ती उपडी करून दाखवली.

"संपलं रे दादा."

"उद्या आणते ना."

ती पलीकडच्या अंधाराकडे कान देऊन बसली.

"...कुठे? तळ्यावर?"

"..."

"हो. तिथे खूप आहे."

ती उठली. बूट काढले, नीट जोडून ठेवले. उताराला लागली. तिच्या पुढे गवत दबत होतं. कुणी दिसत नव्हतं. गवत दबत होतं.

"इलिंका!"

थांबली नाही.

"इलिंका! बाळा!"

तिला ऐकूच येत नव्हतं. तळं तिथून हाकेवर. पांतेल धावला, मुळीत पाय अडकून पडला, उठला. कुणाची करुणा भाकायची? काय म्हणायचं? घशात एकच शब्द होता. दोन महिने दाबून ठेवलेला. तो वर येईना. पोरीचा पाय पाण्यात गेला. घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत.

गुडघ्यापर्यंत...

"दोरीन!"

फाटला आवाज. गावात ऐकू गेला म्हणतात.

"दोरीन! माझ्या दोरीनचं पाणी आहे ते! दोरीन पांतेलचं! दुसऱ्या कुणाचं नाही! दोरीन! दोरीन!"

तळ्यात काहीतरी धपकन बुडालं. जड. आणि मग शांत.

इलिंका वळली. पाण्यात उभी, थरथरत. झोपेतून उठल्यासारखी बघत होती.

"बाबा... तुम्ही त्याचं नाव घेतलंत."

पांतेलनं पाण्यात शिरून तिला उचललं. चौदा वर्षांची घोडी, पण अंगात काही उरलंच नव्हतं तिच्या, काटकी झाली होती. काठावर आणून बसवली आणि ढसाढसा रडला. मातीला रडला नव्हता, तो सगळा तिथे रडला. मग पोरीचाही बांध फुटला.

"मी म्हणणार होते, बाबा. ओढ्यावर. तुमच्याकडे बघितलं, मला वाटलं, नाव घेतलं तर तुम्ही... तुम्ही पण मराल."

"नाही मरत गं. नाही मरत."

"मला त्याची आठवण येते."

"मलाही. रोज. वखारीत मोटरसायकलचा आवाज आला की मी दाराशी जातो. रोज जातो, येड्यासारखा."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"चुकलो."

तळ्याकाठी फार वेळ थांबायची दोघांचीही छाती नव्हती. वर झऱ्याशी आले. तिनं मग भरला. पांतेलनं झाडाची एक रुंद साल सोलली, त्यावर मग ठेवला, शेजारी खिशातली मेणबत्ती उभी केली. साल झऱ्याखालच्या ओढ्याच्या धारेत सोडली. वाऱ्यानं ज्योत वाकली, पण विझली नाही.

"हे सगळं पाणी दोरीनचं," इलिंका म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "माझ्या दादाचं."

"मी साक्ष आहे," बाप म्हणाला. "मी साक्ष आहे. मी साक्ष आहे."

साल वळणापर्यंत गेलेली दोघांनी डोळ्यांनी बघितली. तेच वळण, जिथे तो घसरला. तिथे उजेड दिसेनासा झाला.

घरी आले, चूल पेटवली. थंडगार मामालिगा परतून दोघांनी खाल्ला. पांतेलनं दोरीनच्या खोलीचं कुलूप काढलं, फोटो पुन्हा भिंतीवर लावले. मग दाराला आतून अडसर घातला आणि दोघं चुलीपाशीच झोपले. व्हेताला त्यांनी फोन केला होता, पोरगी तिच्याशी पहिल्यांदा पोटभर रडली. हे काही एका रात्रीत संपणारं दुःख नव्हतं. अजूनही ती मधूनच रडते, जेवता जेवता. पण जेवते.

पहाटे कधीतरी पांतेलला जाग आली. अंधार होता. स्वयंपाकघरातून आवाज आला.

टक... टक...

तो उठला नाही. शेजारी इलिंकाचे डोळे उघडे होते. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

शनिवारी सकाळी मी त्यांना चर्चला न्यायला गेलो. हाक मारल्यावर पांतेलनं अडसर काढला, तो सरकल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. स्वयंपाकघराच्या खिडक्या आतून बंद. जमिनीवर एक ओला ठिपका नाही.

टेबलावर कोंबड्याचा मग होता. ओढ्यात सोडलेला. पालथा. त्याच्याभोवती मेणकापडावर पाण्याचं कडं, ताजं.