चाखलेलं लोणचं

निमगाव केतकीत बाजारतळाच्या मागं यशराजचा लोणच्याचा उद्योग आहे. पत्र्याची शेड, अकरा कामकरी बायका, चिनीमातीच्या मोठ्या बरण्या. मी बारामतीहून सकाळी अकराला पोचलो. बातमीचा विषय साधा होता. छोटे व्यावसायिक एआय वापरतात, ते गिऱ्हाइकाला सांगतात का?

यशराज सांगत नव्हता. ऑर्डरचे फोन पूर्वी त्याची आत्या, नकोशीबाई, घ्यायची. प्रत्येक बरणीतली एक फोड जिभेवर ठेवून मगच ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "चाखलंय मी. बिनघोर खावा." वर्षापूर्वी तिनं अंथरूण धरलं. आता तिच्या आवाजात मशीन बोलत होतं. वाक्य तेच ठेवलं होतं.

"साहेब, मशीनला जीभ असती व्हय?" यशराज म्हणाला. "खरं सांगितलं तर कोण घेईल लोणचं?"

"मग तेच छापा पाकिटावर," त्याची बायको श्रेया म्हणाली. "आत्यांची तरी सुटका हुईल."

"हिचं मनावर घेऊ नका. आत्यांची वकीलच हाय ती."

श्रेयानं मला मागच्या खोलीत नेलं. हिंग आणि मोहरीचा वास होता, त्याखाली काहीतरी आंबलेलं. आत्या डोळे मिटून पडली होती. हनुवटीवरून लालसर तेल ओघळून उशीचा अभ्रा चिकट झाला होता.

"काय खाल्लं त्यांनी?"

"चार महिने नुसती पेज. तीबी अळणी. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय."

मी मोबाइलच्या उजेडात तिचं तोंड पाहिलं. जिभेवर तिखटाचा थर होता. गाल आतून सोलवटले होते. दाढेमागं मोहरीची डाळ अडकली होती. घरातलंच कुणी चोरून भरवत असणार, असं मी धरून चाललो.

श्रेयाला ओल्या फडक्यानं ते तोंड पुसायला सांगितलं. दार लावलं आणि माझ्याच मोबाइलवरून ऑर्डरचा नंबर लावला.

"चाखलंय मी," फोनमधला आवाज म्हणाला. "बिनघोर खावा."

आत्याचे ओठ मिटलेलेच होते. जबडा हलला. एकदा, दोनदा. मग घोट गिळल्याचा आवाज आला आणि आत्ताच पुसलेल्या ओठांच्या कोपऱ्यातून लाल तेल आलं.  मी वहीत वेळ लिहिली. बारा वाजून सात मिनिटं.

आत्यानं डोळे उघडले.

"दिसाला किती फोन येत्यात गं?"

"तीनशे," श्रेया म्हणाली.

"तोंड जळतंय माजं. सांगा की त्या लोकांस्नी, मी न्हाय चाखत म्हणून."

बाहेर यशराजनं माझे हात धरले. "आठ दिवस द्या साहेब. लग्नसराईचा माल जाऊ द्या. मग मीच छापतो पाकिटावर, मशीन बोलतंय म्हणून."

मी दिले. बातमी आठ दिवसांत शिळी होणारी नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी श्रेयाचा फोन आला. आत्या गेली.

मी पोचलो तेव्हा तिला ओसरीवर ठेवलं होतं. ओठांवर तुळशीचं पान होतं. हनुवटीपासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. श्रेया उशाशी बसून होती.

"मशीन बंद केलं?" मी यशराजला विचारलं.

रडून त्याचे डोळे सुजले होते. "आज कसं करणार? मांडवात माल पोचायचाय."

शेडमध्ये फोनची रिंग झाली.

पत्र्याआडून आत्याचा आवाज आला. "चाखलंय मी."

ओठांवरचं पान हळूच आत ओढलं गेलं.

 श्रेयानं मुठीतल्या तुळशीच्या डहाळीचं दुसरं पान खुडून ओठांवर ठेवलं. डहाळी जवळजवळ बोडकी झाली होती.