लंगडणारं घड्याळ

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. आणि तो मोबाइल उलटा ठेव बाळा, त्याचा उजेड डोळ्यांत जातो. हां. आता ऐका. मी स्वतः भूत पाहिलंय असं म्हणत नाही. पण ज्याच्याबरोबर हे घडलं तो थापा मारणाऱ्यातला नव्हे. माझा सख्खा साडू. छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचा म्हणून सगळे त्याला जुळारीच म्हणतात.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला जुळारी पिशवी घेऊन घराबाहेर पडला. काम साधंच होतं. घड्याळजीचं दुकान आठला बंद होतं, त्याच्या आत एक कमान आणायची होती. कमान म्हणजे घड्याळाच्या पोटातली पट्टीची गुंडाळी. चावी दिली की आवळते आणि सुटता सुटता घड्याळ चालवते. याला हवी होती ती बायकांच्या घड्याळाची, नखावर मावेल एवढी.

याचा सगळा जन्म छापखान्यात गेला. तरुणपणी चिमट्यानं शिशाचे खिळे जुळवले. पुढे खिळे गेले, मोठाली मशीनं आली, त्या धडधडीत तीस वर्षं काढली. निवृत्त झाला तेव्हा कान कामातून गेले होते. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर कळायचं, बारीक आवाज मात्र नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाला, "यात सगळं जग कागद चुरगाळत बसलंय." ठेवलं कपाटात.

आणि बायको कोण? तर टेलिफोन एक्स्चेंजातली ऑपरेटर. माझी मेहुणी. तिचा कान इतका तिखट की शेजारच्या घरात कुणी काडी ओढली तरी हिला कळायचं. आम्ही चेष्टा करायचो, दोघांत मिळून दोनच कान, पण दोन्ही पहिल्या नंबरचे.

निवृत्तीनंतर याचे हात शिवशिवायला लागले. जुन्या बाजारातून बंद पडलेली चावीची घड्याळं आणायची, खोलायची, पेट्रोलमध्ये धुवायची, पुन्हा जोडायची. कुणी शिकवलं नाही. घड्याळजीच्या दुकानात उभं राहून बघायचा आणि घरी येऊन बिघडवायचा. सुरुवातीला प्रत्येक घड्याळ जोडून झालं की एखादा स्क्रू उरायचाच. मेहुणी म्हणायची, "असू द्या हो, कंपनीनं उगाच जास्तीचा घातला असेल."

पण हात बसला तरी एक अडचण होतीच. घड्याळ चालू झालं की टिक आणि टक यांत सारखं अंतर पडायला हवं. नाही पडलं तर घड्याळजी म्हणतात, लंगडतंय. ते डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. मग मेहुणी याच्या उजव्या हाताला स्टूल टाकून बसायची. हा घड्याळ तिच्या कानाशी धरायचा आणि डावा हात टेबलावर ठेवायचा. ती त्या हातावर एका बोटानं ठेका धरायची. वेग जरा कमी करून, पण चाल तीच. टक… टकटक. टक… टकटक. म्हणजे लंगडतंय. हा पुन्हा खोलायचा, झुलत्या चाकाच्या स्प्रिंगचं मधलं कडं कणभर फिरवायचा, पुन्हा तिच्या कानाशी. टक, टक, टक, टक. झालं! असं चार वर्षं चाललं. पन्नासेक घड्याळं चालती केली दोघांनी.

राहिलं ते तिचंच. नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी घेऊन दिलेलं, इवलंसं. पहिल्याच दिवशी तिनं ते पुढे केलं होतं. हा म्हणाला, "आधी शिकू दे. तुझ्या घड्याळावर हात साफ करणार नाही." मग शिकून झालं, तरी याचं आपलं 'पुढच्या महिन्यात बघू'. तीही हसून सोडून द्यायची.

मग तिला छातीचं दुखणं लागलं. दोन महिने अंथरूण धरलं. डिसेंबरात एका रात्री हा बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी घड्याळ जुळवत बसला होता. साडेनऊला उठून आत गेला, तेव्हा सगळं संपलं होतं.

नंतर भेटायला आलेली शेजारीण बोलून गेली. मनात काही नव्हतं बिचारीच्या. "काकूंनी तीनदा हाक मारली हो. अहो, अहो म्हणून. मला वाटलं, काका घरातच आहेत."

दहा पावलांवर होता तो.

पुढचे अकरा महिने त्यानं चिमट्याला हात लावला नाही. स्टूल मात्र हलवू दिलं नाही कुणाला.

मग नोव्हेंबरात एक दिवस तिचं घड्याळ काढलं, खोलून धुतलं, तर आतली कमान तुटलेली. तर तो मंगळवार. घड्याळजीनं डबे उपसून कमान शोधली, कागदाच्या पुडीत बांधली आणि याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "जोडलं की इकडे आण! मशीनवर लावतो. लंगडत असेल तर दोन मिनिटांत कळेल!"

"नको," जुळारी म्हणाला. "तिला मशीनचा राग होता. एक्स्चेंजातली माझी नोकरी मशीननंच खाल्ली, म्हणायची."

"अरे, मग ऐकणार कोण?"

यानं पैसे दिले. पुडी खिशात घातली आणि घरी आला.

दाराला आतून कडी घातली. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कारण नुसत्या वाऱ्यानंही बारीक भाग उडतात. टेबलावर पातळ पांढरा कागद अंथरला आणि दिवा खाली ओढला. तिचं खोललेलं घड्याळ पुढ्यात घेतलं. धुतलेले भाग एकेक करून बसवत गेला. कमान बसली, चाकं बसली. आता उरलं ते बॅलन्सचं झुलतं चाक आणि त्याची कोळ्याच्या जाळ्यासारखी स्प्रिंग. ती चिमट्यात धरायची म्हणजे श्वाससुद्धा रोखावा लागतो.

तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

कागदावर ठेवलेली स्प्रिंग थरथरली.

त्याला वाटलं, आपलाच श्वास. त्यानं श्वास धरला. मनात वीसपर्यंत मोजलं.

स्प्रिंग थरथरतच होती. कागदाचा कोपरा वर व्हायचा… खाली बसायचा. पुन्हा वर… पुन्हा खाली. कुणी वाकून पाहावं, तसा.

उजवीकडचा कोपरा.

मी त्याला नंतर विचारलं, "अरे, मान वळवून बघायचंस की!" म्हणाला, "बघितलं असतं आणि स्टूल रिकामं असतं, मग?"

त्यानं बघितलं नाही. चाक बसवलं. चावी दिली. चाक हललं. मग सवयीनं… अगदी सवयीनंच… घड्याळ उचलून उजवीकडे धरलं. तिच्या कानाच्या उंचीवर. डावा हात टेबलावर ठेवला.

वाट पाहिली.

काही नाही.

मग हातावर गार काहीतरी टेकलं. एक बोट.

टक… टकटक. टक… टकटक.

त्याच्या पाठीवरून घाम वाहायला लागला. हात ओढून घ्यावासा वाटला. ओढला नाही. घड्याळ पुन्हा खोललं. कडं कणभर फिरवलं. चाक बसवलं. पुन्हा उजवीकडे धरलं.

टक.. टकटक. टक.. टकटक.

अजून जरासं लंगडत होतं. पुन्हा खोललं. पुन्हा फिरवलं. पुन्हा धरलं.

टक. टक. टक. टक.

झालं.

पण बोट उचललं गेलं नाही. तसंच राहिलं, हातावर. जड.

जुळारी समोरच्या दिव्याकडे बघत बोलला. "तू हाक मारलीस ना गं… तीनदा मारलीस… मला नाही गं ऐकू आलं. इथंच होतो मी…"

खोली गप्प.

त्याला तर एरवीही सगळं गप्पच. पण तो म्हणाला, ती शांतता निराळी होती. पलीकडे कुणीतरी फोन कानाला लावून नुसतं ऐकत असावं, तशी.

तो बराच वेळ बोलत राहिला. काय बोलला ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हात मनगटापर्यंत गार पडला. मग बोटाचं ओझं हळूहळू हलकं होत गेलं… आणि नाहीसं झालं. कागदाचा कोपरा खाली बसला. पुन्हा उठला नाही.

मग त्यानं फुंकणीनं तबकडी साफ केली, काटे लावले, काच दाबून बसवली आणि घड्याळ मुठीत धरून तिथंच खुर्चीत पहाट होईपर्यंत बसून राहिला.

सकाळी माझ्याकडे आला. आम्ही दोघं घड्याळजीकडे गेलो. त्यानं मशीनवर लावलं आणि बघतच राहिला. पडद्यावर उमटलेली रेघ सरळ. लंगडणं शून्य. "जुळारी, खरं सांग, कुणाकडून ऐकून घेतलंस?"

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून तबकडी पाहिली आणि जरा वेळानं भिंग माझ्या हातात दिलं. मी पाहिलं. काचेच्या आत, तबकडीवर, एक लांब केस वर्तुळात पडला होता. मुळाशी पांढरा, टोकाशी काळा. आजारपणात कलप लावायचा राहून गेला की होतो तसा. जुळाऱ्याच्या डोक्यावर वीस वर्षांत केस उगवलेला नाही.

"घरात पडलेला असेल," मी म्हणालो.

"असेल," घड्याळजी म्हणाला. "पण नीट बघा, काट्यांच्या वाटेत आडवा पडलाय. एवढ्यानं घड्याळ अडतं. हे अडत नाहीये." मग याच्या कानाशी वाकून म्हणाला, "काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम."

जुळाऱ्यानं घड्याळ त्याच्या हातातून घेतलं. "राहू दे," म्हणाला.

परवाच जाऊन आलो त्याच्याकडे. घड्याळ उशाशी होतं. चालू होतं. मिनिटकाटा त्या केसापाशी आला, आणि केस जरासाही न हलता काटा पुढे गेला.