झाकणाखालचा तारा

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. रात्रपाळी करून बाबा झोपलेला होता आणि मुलगी भूमितीचा गृहपाठ टाळत बसली होती.

वेधशाळेच्या संचालकबाई बोलत होत्या. "बाबांना उठव. रात्रीच्या एकतीस प्रतिमा पुसल्या गेल्यात, आणि नोंदीत नाव त्यांचं आहे. चार वाजता बैठक. ओळखपत्र घेऊन यायला सांग. जमा करायचंय."

तिने बाबाला उठवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि पलंगाखाली चप्पल शोधायला लागला.

अठरा वर्षांची नोकरी, आणि नुसतं बरं. पण तिला तरी कुठे काय वाटत होतं? दाढ काढताना हिरडी बधिर होते ना, तसं. जीभ लावून बघावी तर तिथे काहीच नाही.

बसमध्ये तिने विचारलं, "कुठल्या एकतीस?"

"झाकण लावून काढलेल्या. काळ्या."

"काळे फोटो कोण कशाला पुसेल?"

"आपल्या दुर्बिणीचा कॅमेरा उष्णता बघतो. झाकण लावलं तरी त्याला स्वतःचे डाग दिसतात. ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. आठवड्यातून एकदा काढतो, काल काढल्या." तो खिडकीबाहेर बघत होता. "गोठवून ठेवतात त्याला. स्वतःची ऊब स्वतःला जाणवू नये म्हणून."

तिने बाबाकडे पाहिलं. त्यालाही कोणीतरी तसंच ठेवलं होतं.

"झाकण लावलंय हे संगणकाला कसं कळतं?"

"नाही कळत. झाकणाचा सेन्सर दोन महिने झाले मेलाय. फायलींना नुसते क्रमांक. कुठली काळी ते मी वहीत लिहितो, पेन्सिलने. सकाळी सहाला वही काकांना देतो."

काका म्हणजे वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ. तिला पहिला तारा त्यांनीच दाखवला होता, ती चार वर्षांची असताना. चार दिवसांपूर्वी त्यांना नवा तारा सापडला होता आणि तेव्हापासून स्वारी हवेतच होती. उद्या जगाला कळवायचं होतं.

नियंत्रण कक्षात भिंतीवर तोच फोटो होता, ताऱ्याभोवती लाल पेनाचं वर्तुळ. खाली संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणारा तारवाला बसला होता.

"कुठून पुसलं?" तिने विचारलं.

"याच खुर्चीतून. सात वाजून दहा मिनिटांनी."

"बाबा तेव्हा कुठे होता?"

"वर घुमटात, कॅमेऱ्याला द्रव नायट्रोजन पाजत होता. एकटाच. साक्षीदार फक्त टाकी."

"मग नाव त्याचं कसं?"

"हा संगणक रात्रभर बाबांच्या नावाने उघडा असतो. ते नाव बंद केलं की कॅमेऱ्याचा दुवा तुटतो. परत जोडायला तास जातो. म्हणून कोणी बंदच करत नाही. या खुर्चीत मांजर बसलं तरी नोंद बाबांची."

"तुम्ही नाही पुसलंत कशावरून?"

तारवाला हसला. "बाई गं, माझ्याकडे सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या आहेत. मी पुसलं असतं तर नोंदसुद्धा पुसली असती."

पुसलेल्या क्रमांकांची यादी तिने काकांनी नऊ वाजता परत केलेल्या वहीशी ताडून पाहिली. सगळे एकतीस तंतोतंत जुळले.

"बाबा, काळ्या किती काढल्यास?"

"बत्तीस."

"वहीत एकतीस आहेत."

"शेवटची साडेसहाची. वर जायच्या आधी एक काढून बघतो, झाकण नीट बसलंय का. गॅस बंद केल्यावर बटण परत चाचपतो ना, तसं."

तारवाल्याने ती शोधली. क्रमांक चारशे बारा, जागच्या जागी. काळीकुट्ट, पण अगदीच काळी नव्हे. तारवाला पडद्याजवळ सरकला. मुलीने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिची प्रत द्या. भिंतीवरच्याच आकारात."

चार वाजता बाबाने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. शेजारी काका हातावर हात ठेवून बसले होते. मुलीने दोन्ही फोटो बाईंसमोर सरकवले.

"पुसणाऱ्याने चारशे फायलींतून नेमक्या एकतीस निवडल्या," ती म्हणाली. "हे चुकून होत नाही. काळ्या कुठल्या हे संगणकाला माहीत नाही, फक्त वहीला माहीत. बाबाने पुसल्या असत्या तर बत्तीस गेल्या असत्या. बत्तिसावी त्याला माहीत होती, वहीला नव्हती. म्हणजे पुसणाऱ्याच्या हातात वही होती. सात वाजता ती कोणाकडे होती, काका?"

काकांनी हात टेबलाखाली नेले.

"पण का पुसायच्या?" बाईंनी विचारलं.

मुलीने पुसण्यातून वाचलेल्या फोटोवर बोट ठेवलं. डाव्या कडेपासून चार बोटांवर एक पांढरा ठिपका. भिंतीवरच्या फोटोत लाल वर्तुळ होतं तिथेच. "झाकण लावलं होतं. तरी हा दिसतोय. तारा आकाशात नाहीये बाई, कॅमेऱ्यात आहे. डाग आहे."



"उद्यापर्यंत वेळ हवा होता," काका हळूच म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "तुला पहिला तारा मी दाखवला होता, बाळ."

"हो काका. तेव्हा झाकण उघडं होतं."

बाईंनी ओळखपत्र बाबाकडे सरकवलं. त्याने ते गळ्यात घातलं आणि म्हणाला, "बरं." मग घड्याळाकडे पाहिलं. टाकी भरायची वेळ झाली होती.

जिन्यात तिने त्याचा हात धरला. हाताला ऊब लागली. दोघांपैकी कोणाची, ते काही तिला कळलं नाही.