मामाचे नऊ

ताई गेल्याला वीस दिवस झाले होते, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, आईचा लाल सर ओवायचा राहिलाय. याल का?"

मला दुसरं काही काम नव्हतं. आणि मणी ओवणं मला येतं. चाळीस वर्षं मी खनिजशास्त्र शिकवलं, पण त्याच्या कितीतरी आधी, आठव्या वर्षी, ताईने मला सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. सराफांकडचं ओवायचं काम घरी आणायची आणि त्यावर घर चालायचं, माझं शिक्षणही.

पुढचं लिहिण्याआधी एक सांगून ठेवतो. माझ्या आठवणीवर आता माझाच फारसा भरवसा नाही. जे पडताळता आलं ते दोनदा पडताळून लिहितो आहे. जे पडताळता आलं नाही, तेही लिहितो आहे.

ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उत्तरेला, कारण खड्यांचं काम करणाऱ्यांना उत्तरेचा उजेड लागतो. तो दिवसभर फारसा बदलत नाही. पण पुढे समोर इमारत उभी राहिली आणि खिडकीपासून हातभर अंतरावर करडी भिंत आली. ताईला त्याचं काहीच नव्हतं. तिला दिसायचं बंद होऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. भर दुपारी तीन वाजता त्या खोलीत तिन्हीसांजेसारखं वाटत होतं. मेणाचा वास होता, जुन्या रेशमाचा होता, आणि त्याखाली आणखी कसलातरी, बंद पेटीतून येतो तसा.

"दिव्यात बल्बच नाही," मी म्हणालो.

"आईला कशाला हवा होता बल्ब? मीच कितीदा ठेचकाळले इथे. ती म्हणायची, डोळे असून आंधळी गं तू." भाची हसली आणि तिने बरोबर आणलेला टेबललॅम्प लावला. "हं, बसा. तुम्हाला खुर्ची ऐसपैस लागते, आई तर पाटावर बसून सगळं करायची."

टेबलावर ताईची खाचांची पाटी होती. मणी गडगडू नयेत म्हणून अशा पाटीला लांब खाचा पाडलेल्या असतात. एका खाचेत आमच्या आईचा सर सुटा करून ठेवला होता. तामडे, म्हणजे गडद लाल खडे, वाटाण्याएवढे, हातांनी घासून गोल केलेले. एकूण एकेचाळीस. मला ती संख्या झोपेतही विचारली तरी सांगता येईल.

खाचेत मात्र बत्तीसच दिसत होते.

"बाकीचे?"

"ते त्या वाटीत." भाचीने एक छोटी स्टीलची वाटी पुढे सरकवली. "जाण्याआधी आठवडाभर हेच चाललं होतं तिचं. सर तोडला, आणि एकेक मणी ओठाला लावत बसली. मी म्हटलं, आई, अगं मण्यांच्या पाप्या काय घेतेस? तर म्हणाली, हे नऊ मामाचे. वेगळे ठेव."

मी वाटीकडे पाहत राहिलो.

आता ते सांगायला हवं. माझा प्रबंध तामड्यांवर होता. त्यासाठी एका दूरच्या डोंगरावरून नमुने आणायचे होते. मी निघालो, अर्ध्या वाटेत तापाने पडलो आणि परत आलो. परत आल्यावर नमुने मिळाले नाहीत हे गुरूंना सांगायचं धैर्य झालं नाही. सुट्टीत घरी गेलो, तेव्हा ताई आईचा सर नव्याने ओवत होती. तिच्या डोळ्यांसमोर, तिला मदत करत असताना, मी एक मणी तळव्यात लपवला आणि बाजारातून आणलेला लाल काचेचा मणी त्याच्या जागी ठेवला. ती दर सुट्टीत तो नव्याने ओवायची; चार वर्षांत असे नऊ. प्रयोगशाळेत त्यांचे काप केले. केसापेक्षा पातळ, आरपार उजेड जाईल असे, आणि काचेच्या पट्ट्यांवर चिकटवले. त्या खड्यांच्या आत दुसऱ्या खनिजाच्या अतिशय सुंदर बारीक सुया होत्या, एकमेकींना छेदत गेलेल्या. मी त्यांचं वर्णन केलं, खाली डोंगराचं नाव लिहिलं. माझं जे काही नाव झालं ते त्यावर झालं.

मागितले असते तर तिने अख्खा सर दिला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

एकच प्रश्न मला पन्नास वर्षं कुरतडत होता: तिला कळलं का? मी स्वतःची समजूत घालायचो की नाही कळलं. रंग जुळवून आणला होता, आकार जुळवला होता. मोठमोठी यंत्रं हाताळता हाताळता मी साफ विसरलो होतो की ताई खडा डोळ्यांनी ओळखतच नसे. ती तो ओठाला लावायची. खरा खडा गार लागतो आणि गारच राहतो. काच लगेच ऊब धरते. हे तिने मला शिकवलं होतं, आठव्या वर्षी.

"मामा? 'मामाचे' म्हणजे काय? मी विचारलं, तर म्हणाली, त्याचं तो सांगेल."

लॅम्पच्या उजेडात भाचीचा चेहरा अगदी ताईसारखा दिसत होता. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं.

"लहानपणी मी पहिल्यांदा ओवले ना," मी म्हणालो, "ते नऊ. म्हणून."

"इतकंच होय! आईपण ना." ती उठली. "मी खाली जाऊन चहा टाकते. चहा होईपर्यंत दोन गाठी तरी मारून दाखवा, पंडित."

'पंडित' ही ताईची हाक होती. भाचीने ती चेष्टेनेच उचलली असणार.

दार लोटलं गेलं. मी वाटीतला एक मणी उचलला. मला काचेची ऊब ओळखीची व्हावी, आपण काय केलं ते एकदा ओठांना कळावं, असं काहीसं मनात होतं. ओठाला लावला.

गार होता. मी वीस आकडे मोजले. गारच राहिला.

दुसरा लावला. तिसरा. नऊच्या नऊ बर्फासारखे. खिशातून भिंग काढलं, मणी लॅम्पपुढे धरला. आत सुया होत्या. नुसत्या सुया नव्हत्या, तर डावीकडे तीन एकत्र आलेल्या आणि त्यांतली मधली मोडलेली, अशा. ती मोडलेली सुई माझ्या प्रबंधातल्या पहिल्या छायाचित्रात आहे. तो खडा मी स्वतः कापला होता. त्याचा भुगा नळाखाली धुऊन टाकला होता.

पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला लाज वाटते. सुटल्यासारखं वाटलं. सर पूर्ण होता. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी ओवायला घेतलं. दोऱ्याच्या टोकाला मेण लावलं, मणी घातला, गाठ मारली. प्रत्येक मण्यानंतर गाठ असते, सर तुटला तरी एकच मणी पडावा म्हणून. ताई म्हणायची, "गाठ मण्याला भिडू दे, पंडित. त्याला श्वास घ्यायला जागा ठेवू नकोस." माझे हात हल्ली थरथरतात. पण गाठी नीट बसत होत्या. जरा जास्तच नीट.

पाच मणी झाल्यावर चष्मा पुसायला दोरा खाली ठेवला. परत उचलला तेव्हा टोक ओलं होतं.

ओवणारे दोरा ओठांतून ओढतात आणि थुंकीने त्याला टोक काढतात. ताई करायची. मी कधीच करत नाही, मला ते किळसवाणं वाटतं. मी तेव्हाही केलं नव्हतं. केलं नव्हतं, असं मला वाटतं.

पुसलं. पुढचे मणी ओवले. मुद्दाम दोरा ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो. खिडकीबाहेरची भिंत करडीची काळपट झाली होती. खोलीत आवाज नव्हता. मग समोर, टेबलापलीकडे, जिथे ताईचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता तिथे, कुणीतरी श्वास घ्यावा तसं… श्वास नव्हे. ओठ मिटून उघडताना होतो, तेवढाच आवाज. दोरा उचलला. ओला. आणि या वेळी ऊनही होता.

"ताई…" मी म्हणालो. "मी सांगतो. तिला सांगतो, आत्ता वर आली की…"

दार उघडलं. भाची चहाचे कप घेऊन उभी होती.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही," मी म्हणालो.

नंतरचे मणी किती वेळात ओवले ते आठवत नाही. भाचीने सर गळ्याशी धरला. "अगं बाई, केवढा गार आहे! आणि मामा, गाठी बघा. हुबेहूब आईच्या. माझ्या मुलीला सांगेन, मामाआजोबांनी ओवलाय."

मी घरी आलो. कपाटातली लाकडी पेटी काढली. तिच्यात नऊ काचपट्ट्या आहेत, प्रत्येकीवर माझ्या अक्षरात आकडा. खडे जर सरात परत आले असतील, तर पट्ट्यांवर काय उरलं? हा शास्त्रीय प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खात्री करून घ्यायची माझी जुनी खोड.

पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काळी दिसली. मी घाबरलो नाही. तामडा एका खास भिंगातून काळाच दिसतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं. ते भिंग बाजूला करायला हात घातला. ते लावलेलंच नव्हतं.

डोळा वर उचलला, आणि तो काळा गोल माझ्याबरोबर वर आला.

भिंतीवर होता. छतावर होता. डोळे मिटले तरी होता. वाटाण्याएवढा, गोल, खाली बारीकशी गाठ असलेला.

तेव्हा मला आठवलं. मी प्रबंध लिहीत होतो त्या वर्षांत ताईने एकदा विचारलं होतं, "तू शिकलेला आहेस म्हणून विचारते रे. डोळ्यांपुढे काळा मणी दिसतो, तो काय असतो?" मी म्हणालो, थकवा. पुढच्या सुट्टीत म्हणाली, "तीन झाले. ओळीने आहेत बघ, ओवल्यासारखे." मी म्हणालो, विश्रांती घे. मला पदवी मिळाली तेव्हा ती हसत म्हणाली होती, "नऊ झाले आता. पुरे झाले, नाही का?" मी पेढा तोंडात घालून मान हलवली होती. नऊच्या पुढे तिला मणी दिसले नाहीत. त्याच नऊ मण्यांच्या कडा वाढत वाढत एकमेकींना भिडल्या, आणि मग तिला काहीच दिसेना.

तो आकडा मी तेव्हा ऐकला होता. तो माझ्याच खिशातला आकडा होता, हे मात्र मी ऐकलं नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काही दिसत नाही आत, या वयात चालायचंच. मी त्यांना दोनदा तपासायला लावलं. आणि घरी येऊन दुसरी पट्टी पाहिली. शहाण्या माणसाने पाहिली नसती. पण पहिल्या वेळी काही चुकलं असेल, दिवा नीट नसेल, असं वाटत राहतं. मग तिसरी. आता सहा झाले आहेत. ओळीने आहेत. गाठी चांगल्या आहेत, मण्यांना भिडलेल्या.

पेटी मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. भाचीला द्यायला म्हणून ही हकीकत लिहितो आहे. याआधी तीन वेळा लिहून फाडली. एकदा तारीख चुकली होती, एकदा भाषा रडवी वाटली, एकदा नुसतीच भीती वाटली. या वेळी पाकिटावर पत्ता घातला. दोनदा फोनही उचलला. तिने "बोला मामा" म्हटलं की मी तब्येतीची चौकशी करतो.

आज सकाळी वाटलं, पाठवण्याआधी एकदा शेवटचं पडताळून घ्यावं. सहाच आहेत की जास्त, हे चुकीचं लिहून चालणार नाही. किल्ली घेऊन उठलो. कपाटाला कुलूप होतं, मी लावलेलं, तसंच.

टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा मात्र लागलेला होता. त्याखाली सातवी पट्टी ठेवलेली होती, नीट, मधोमध. विसरून मीच ठेवली असेन, असं म्हणत मी तिला बोट लावलं. काचेची कड ओली होती, टोक काढायला ओठांतून ओढलेल्या दोऱ्यासारखी.