पेंगणाऱ्या कोंबड्या

"साहेब, माझ्या बायकोला कुनीतरी विष घालतंय. आजच चला. उद्यापर्यंत ती राहती का न्हाई, सांगता येत न्हाई."

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. गुप्तहेर मार्तंड खासनीसांच्या नगरमधल्या खोलीत आलेला गोरक्षनाथ बसायलाही तयार नव्हता. मार्तंडांनी लगेच कोट चढवला. त्यांचे मित्र विष्णुपंत म्हणजे देवमाणूस, पण चहाशिवाय डोकं चालायचं नाही. कप अर्धा टाकावा लागला म्हणून ते श्रीगोंद्यापर्यंत कुरकुरत होते.

तिथले डॉक्टर आपली जीप घेऊन तयारच होते. चेहरा पार उतरलेला.

"सातवा महिना, त्यात कावीळ आणि अंगभर खाज. मी पिवळ्या गोळ्या दिल्या. गुंगी येते, पण खाज थांबते, कावीळही ओसरते. पहिले काही दिवस मी स्वतः समोर बसून दिल्या, तेव्हा ओसरतही होती हो! मग एकाएकी चढली. आता गाव माझ्यावर धावून येतंय."

"औषधच बाधलं असणार," विष्णुपंतांनी निकाल देऊन टाकला.

वस्तीवर पोचले तेव्हा भर दुपार होती. उकिरड्याजवळ कोंबड्या माना टाकून पेंगत होत्या. विष्णुपंतांचा पाय एकीवर पडता पडता राहिला, तरी ती हलली नाही.

आत गोरक्षनाथाची बायको मनकर्णा पडून होती. डोळे पिवळेजर्द, खाजवून दंड सोललेले. उशाशी पांढरंफटक वरण तसंच निवलेलं. शेजारच्या करंड्यात नुसतं कुंकू होतं.

"झोप लागते का, बाई?" मार्तंडांनी विचारलं.

"डोळ्याला डोळा न्हाई लागत. पोटातलं हलतंय, तवर मी हाय."

ओसरीवर सासरे, आबासाहेब, खोकत होते. "डाक्टरनंच घात केला! मला क्षय झाल्ता, तवा नगरच्या गोळ्यांनी वाचलो. खोकला आता पुन्हा उलटलाय, ते सोडा. सुनेचं बघा."

"सूनबाईंना गोळी कोण देतं?"

"मी," सासू लंकाबाई पुढं आल्या. "दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई." त्यांनी पदराची गाठ सोडून एक पांढरी गोळी दाखवली.

"सासूच!" विष्णुपंत कुजबुजले. "मार्तंडा, कबूलच करतेय की!"

"गप्प बसा हो." मार्तंडांनी गोळी डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "डॉक्टरांची गोळी पिवळी, गुंगीची. सूनबाईंना झोप नाही आणि कोंबड्या भर दुपारी पेंगतात. म्हणजे पिवळ्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या. का? वरणात हळद नाही, करंड्यातही नाही. काविळीच्या माणसाला पिवळं दिलं की कावीळ चढते, असं मानणारं हे घर. ते पिवळी गोळी कशी देणार? आणि आबासाहेबांचा खोकला उलटला, कारण त्यांच्या गोळ्या कमी पडतायत. लंकाबाई, ही गोळी त्यांचीच ना?"

"व्हय," लंकाबाई म्हणाल्या. "ह्यांना यमाच्या दारातनं परत आनलं त्या गोळ्यांनी. म्हनलं, पोरीला बी आनतील. ह्यांचा खोकला वाढला, तरी ह्यांच्यातल्याच काढून दिल्या."

डॉक्टरांनी गोळी उजेडात धरून निरखली. "क्षयाला हे औषध चांगलं. पण कुणाकुणाच्या यकृतावर उलटतं, आणि हिचं तर आधीच दुखावलेलं. चला, आत्ताच्या आत्ता नगरला. आजची रात्र निभली तर आशा आहे."

गोरक्षनाथानं बायकोला उचलून जीपमध्ये ठेवलं. लंकाबाई दाराशीच खिळल्या होत्या. त्यांनी स्वतःचे हात पदराआड लपवले. "मी न्हाई येत. माझ्या हाताला विष लागलंय."

जीपमधून मनकर्णाचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा. "आत्याबाई, चढा लवकर. तिथं नर्सच्या हातची गोळी मी घ्यायची न्हाई. तुमीच द्यायची. पिवळी असली तरी."

लंकाबाई रडत रडत जीपमध्ये चढल्या.